आधी टीव्ही बंद, मग रेकॉर्डर सुरू

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळेत तुमचं हे तिसरं वर्ष. गावाने वर्गणी करून शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही आणि आठ टॅब घेऊन दिले. पोरं व्हिडिओ आवडीने पाहतात, टॅबवरची प्रश्नमंजूषा पटापट सोडवतात. पण "आता तुम्ही सांगा" म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. पोरांनी स्वतःचं काही बोलावं, लिहावं, दाखवावं यासाठी कोणतं अ‍ॅप चांगलं, असं तुम्ही विचारलंय.

मी घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात २६ वर्षं शिकवलं. गाव, बंजारा तांडा आणि कोलाम आदिवासींची वस्ती म्हणजे पोड, तिन्हीकडची पोरं एकाच वर्गात बसायची. त्या अनुभवावरून सांगतो, नवं अ‍ॅप नको. टॅबमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असतेच आणि कॅमेराही असतो. एवढ्यावर तुमची पहिली दोन वर्षं सहज निघतील. आणि टीव्ही निदान पंधरा दिवस बंद ठेवा. टीव्ही वाईट नाही, पण तो बाहेरचं जग वर्गात आणतो. तुम्हाला हवंय ते उलट दिशेचं काम: पोरांच्या आतलं बाहेर यायला हवं. पडदा चालू असला की पोर प्रेक्षक होतं, आणि वर्षभर प्रेक्षक म्हणून बसवलेल्या पोराला एकदम "बोल" म्हटलं तर ते काय बोलणार?

पण आधी पोरं गप्प का होतात ते पाहू. यंत्राच्या आधीची गोष्ट आहे ही, आणि ती सुटली नाही तर आठाच्या जागी ऐंशी टॅब आले तरी उपयोग नाही.

नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मी पोरांचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. पोरगं म्हणे "मले", मी म्हणे "मला म्हण". पोरगी म्हणे "काहून", मी म्हणे "का". भाषा सुधारतोय, असं मला मनापासून वाटायचं. एकदा पावसाळ्यात सहावीतला एक पोरगा वर्गात पेंगत होता. विचारलं तर म्हणाला, "आमच्या वावरात रोही येते, तं बाबा राती जागलीले जाते. मंग मले घरी झोप नाई येत." मी काय केलं असेल? "जागलीला जातात म्हण," असं सांगितलं. तो "जागलीला जातात" म्हणाला आणि खाली बसला. बाप रात्रभर रोही, म्हणजे नीलगाई, हाकायला मचाणावर, घरी आई आणि लहान बहीण, अंगणात काही वाजलं की हा अकरा वर्षांचा पोरगा जागा. एवढं सगळं त्याने दोन वाक्यांत माझ्यापुढे ठेवलं होतं आणि मी त्यातला एक प्रत्यय उचलला. त्यानंतर तो स्वतःहून कधी बोलला नाही. हे माझ्या लक्षात यायलाही दोन वर्षं गेली.

वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला जर असं होत असेल, तर तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या आणि पोडावरच्या कोलामी बोलणाऱ्या पोराचं काय होत असेल? त्याला आधी मनातल्या मनात भाषांतर करावं लागतं, मग त्यातली चूक शोधावी लागते, मग हात वर करावा लागतो. तोवर पुढच्या बाकावरचं पोरगं उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्ये दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिल्या आहेत: शिकवण्याचं माध्यम शक्य तिथवर मुलाची मातृभाषा असावी, आणि मुलाला भीती व ताण यांपासून मुक्त ठेवून आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत करावी. त्या एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, हे मला त्या जागलीच्या वाक्याने शिकवलं.

आता रेकॉर्डर. त्याचा खरा गुण असा की तो टोकत नाही. तो थांबतो. पोर दहा सेकंद गप्प राहिलं तरी कंटाळत नाही. माझं पोरांवर कितीही प्रेम असलं तरी दहा सेकंदांची शांतता मला वर्गात कधी सहन झाली नाही. मी लगेच मदतीला धावायचो आणि पोराचं वाक्य मीच पूर्ण करायचो. दुसरा गुण म्हणजे नको असलेलं पुसता येतं. चाळीस जणांसमोर तोंडातून निघालेलं वाक्य परत घेता येत नाही. टॅबवरचं येतं. म्हणून पहिल्याच दिवशी पोरांना रेकॉर्ड करायच्या आधी पुसायला शिकवा. प्रत्येकाने काहीतरी बडबडायचं, ऐकायचं आणि पुसायचं. तीन-चार वेळा. आपलं बोलणं आपल्या हातात आहे, हे बोटांना कळू द्या. माझ्या वर्गात ज्या दिवशी हे शिकवलं, त्या दिवसापासून पोरांच्या आवाजातला थरथराट कमी झाला.

जागा कुठली? वर्गात गोंगाट, वऱ्हांड्यात वारा, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये टिनावर पाऊस पडायला लागला की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू येत नाही. आमच्या शाळेत सगळ्यांत चांगली जागा निघाली ती पोषण आहाराच्या तांदळाची खोली. भरलेली पोती आवाज शोषून घेतात, घुमत नाही. वर एक जुनी वाकळ दोरीवर टाकली की झालं. मुख्याध्यापकांना विचारून, खोलीचा दरवाजा अर्धा उघडा ठेवून, बाहेर दोन पोरं उभी करून आम्ही तिथे रेकॉर्ड करायचो. दार पूर्ण बंद करायचं नाही, हा नियम पक्का ठेवा. तोंडापासून टॅब वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ'चा फुंकर माइकवर आदळत नाही. पंखा बंद. टॅब एअरप्लेन मोडवर. साध्या दर्जाचं, ६४ केबीपीएसचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण अर्धा एमबी जागा घेतं. म्हणजे ३० पोरं प्रत्येकी दोन मिनिटं बोलली तरी सगळं मिळून ३० एमबीच्या आत. तेवढ्याच वेळाचा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ काही जीबी होतो आणि टॅब आठवड्यात भरतो. व्हिडिओ नको म्हणण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कॅमेरा समोर आला की पोरगी आधी आपला फ्रॉक पाहते, पोरगा फाटकी कॉलर लपवतो. आवाजाला कपडे लागत नाहीत.

बोलायचं कशावर? इथे बहुतेक शिक्षक घसरतात. "माझा आवडता सण", "माझी शाळा", "पाण्याचे महत्त्व" असे विषय दिले की पोरं निबंधाच्या वहीतलं पाठ म्हणून दाखवतात, आणि टॅब बिचारा ते जपून ठेवतो. उत्तर फक्त त्याच पोराला माहीत असेल, असा प्रश्न विचारा. मी विचारलेले काही सांगतो. राती झोपताना घरात कोणकोणता आवाज येतो? आज शाळेत येताना वाटेत काय बदललेलं दिसलं? तुमच्या घरी सगळ्यांत आधी कोण उठतं आणि पहिलं काम काय करतं? अशी एक गोष्ट सांग जी तुला करता येते आणि सरांना येत नाही. या शेवटच्या प्रश्नावर आठवीतल्या एका पोरीने कापूस वेचताना दोन्ही हात कसे चालवायचे, बोंडाचं टोक हाताला लागू नये म्हणून बोटं कुठे धरायची, ओटीत कापूस किती झाला की जड वाटतो, हे सलग चार मिनिटं सांगितलं. तीच पोरगी इतिहासाच्या तासाला एक वाक्य बोलत नव्हती.

आपल्याकडे तर या कामासाठी परंपरेनेच सोय करून ठेवली आहे. पोळ्याच्या झडत्या घ्या. तोरणाखाली बैल उभे असताना गावातला माणूस मनातलं, टोचणारं, हसवणारं सगळं झडतीत म्हणून घेतो आणि कोणी रागावत नाही. मी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक गटाला स्वतःची झडती करायला लावायचो. त्या वर्षी गावचा ट्रान्सफॉर्मर जळून बरेच दिवस झाले होते. सातवीच्या पोरांनी केली:

शाळेत आला टॅब, गावाची गेली लाइन,
सायबाले इचारलं तं म्हणे उद्या येईन!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

रेकॉर्ड करताना शेवटच्या ओळीला पोरं इतक्या जोरात ओरडली की आवाज फाटला. तसाच ठेवला. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी असतात, तेव्हा पोरींना हेच करायला सांगा: जुन्या चालीवर नवी ओळ. ज्या पोरी "कविता लिहा" म्हटल्यावर वही मिटतात, त्या चालीवर सहज ओळी जोडतात. कारण तिथे त्यांना शाळेत असल्यासारखं वाटत नाही.

पण मला सगळ्यांत जवळचा उपक्रम विचाराल तर तो आवाजी चिठ्ठीचा. आमच्या तांड्यावरची बरीच माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायची आणि उन्हाळ्यात परतायची. पोरं आजीजवळ राहायची. आई-बापाला वाचता येत नाही, पोराला लिहायचा कंटाळा, फोनवर बोलणं म्हणजे "जेवलास का, शाळेत जातोस का" एवढंच, कारण बाप दमलेला आणि फोन मुकादमाचा. मी पोरांना सांगितलं, तुमच्या याडीला, म्हणजे आईला, दोन मिनिटांची चिठ्ठी बोला. गोरमाटीतच बोला, मला कळलं नाही तरी चालेल. पहिल्या वेळी पोरं खोलीतून लगेच बाहेर आली. दुसऱ्या आठवड्यात एकाने सात वेळा पुसून आठव्यांदा रेकॉर्ड केलं. त्याने काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. चिठ्ठी घरच्यांच्या फोनवर गेली आणि चार दिवसांनी उत्तर आलं. मागे कोयत्यांचा आवाज, गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि आई बोलतेय. पोरगं टॅब कानाला लावून पोत्याला टेकून बसलं होतं. मॅडम, ऐकणारं खरं माणूस मिळालं की पोराला बोलायला शिकवावं लागत नाही. मी फक्त खोली आणि टॅब दिला.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. पोरं बोलायला लागली तशी मला ते सगळ्यांना ऐकवायची घाई झाली. सातवीतली एक पोरगी आपल्या मोठ्या बहिणीवर फार सुंदर बोलली होती. बहीण बारावी झालेली, पुढे शिकायचं होतं, पण लग्न ठरलं. "तिनं पुस्तकं मले देल्ले. मी घेतले नाई. म्हटलं तुह्येच हाय, ठेव." मी ते कौतुकाने गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. सायंकाळपर्यंत ते नवऱ्या मुलाच्या गावात पोचलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ओरडले नाहीत. "सर, घरातली गोष्ट होती," एवढंच म्हणाले आणि गेले. लग्न झालं, पण ती पोरगी वर्ष संपेपर्यंत टॅबला हात लावायला आली नाही. तिच्या आवाजावर तिचा हक्क आहे हे मीच तिला शिकवलं होतं, आणि मीच तो मोडला.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. रेकॉर्डिंग पोराचं. ते कोण ऐकेल हे पोर ठरवेल: फक्त मी, फक्त सर, वर्ग, की सगळे. या चार खुणा आम्ही फाइलच्या नावातच टाकायचो. आणि "सगळे" म्हटलं तरी आठ दिवसांनी पुन्हा विचारायचं, कारण पोरांचं मन बदलतं. घरच्यांना आधी सांगायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल, असं म्हटलंय. पण कायद्याचं सोडा; पालकसभेत टॅब घेऊन बसा, दोन रेकॉर्डिंग पोरांच्या परवानगीने ऐकवा आणि "हे विचारल्याशिवाय शाळेबाहेर जाणार नाही" असा शब्द द्या. आणि तो पाळा. शाळेचं फेसबुक पान, गावचा ग्रुप, अधिकाऱ्यांचा ग्रुप, कुठेही नाही.

एक गोष्ट याहून गंभीर आहे. पोरांना बोलायची जागा मिळाली की कधीतरी एखादं पोर असं काही सांगेल की तुमच्या पोटात गोळा येईल. मारहाण, नकोसा स्पर्श, कोणाची तरी धमकी. तेव्हा ते रेकॉर्डिंग कोणाला ऐकवू नका, पोराला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, आणि "मी कोणालाच सांगणार नाही" असं खोटं वचनही देऊ नका. लैंगिक छळाची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांनी "पाहू" म्हटलं तरी तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक वर्गाच्या दाराच्या आतल्या बाजूला पोरांच्या उंचीवर लिहून ठेवा.

पण पोरांचं व्यक्त होणं म्हणजे दुःख सांगणं, असं समजू नका. नवीन शिक्षक इथे चुकतात आणि पोरांकडून रडण्याच्या गोष्टी काढायच्या मागे लागतात. पोडावरचा एक पोरगा माझ्याकडे सहावीत आला. जुलै ते ऑक्टोबर तो वर्गात काही बोलल्याचं मला आठवत नाही. आवाजाच्या खोलीत जायलाही तयार नव्हता. त्याला मी टॅब दिला आणि म्हटलं, फक्त पाच फोटो काढून आण, सहावा नाही. (हे बंधन महत्त्वाचं. बंधन नसेल तर पोरं तीनशे फोटो काढतात आणि एकही पाहत नाहीत.) त्याने पाचही फोटो एकाच मोहोळाचे काढले, शाळेमागच्या झुडपातल्या. पहिला लांबून, मग जवळून, आणखी जवळून. पाचव्यात माशांचे पंख दिसत होते. मी विचारलं, चावल्या नाहीत? तेव्हा तो बोलला. म्हणाला, ही फुलोरी आहे, लहान असते, एवढी चावत नाही. झाडाच्या ढोलीत असते ती सातेरी. उंच फांदीवर मोठं लटकतं ते आग्या, त्याच्याजवळ बाप कोणाला येऊ देत नाही. अर्धं मराठीत, अर्धं कोलामीत, आणि अडेल तिथे त्याच्याच पोडावरची एक पोरगी सांगायची. कोलाम हा महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक, असं आपण प्रशिक्षणात शिकतो. त्या वर्गातला विशेष जाणकार तो होता, हे मात्र त्या पाच फोटोंनी दाखवलं. त्यानंतर फोटोखाली तीन वाक्यं बोलणं, मग तीन वाक्यं लिहिणं, असं हळूहळू झालं. वर्षअखेरीलाही तो फार बोलका झाला नाही. व्हायलाच हवं असं नाही.

बोलण्याकडून लिहिण्याकडे कसं न्यायचं? आपलं रेकॉर्डिंग ऐकून पोराने स्वतः उतरवून काढायचं. आहे तसं. "मले" तर "मले", "रायलो" तर "रायलो". स्वतःच्या आवाजाची बरोबरी करायची असते म्हणून पोरं आपणहून शब्द तपासतात; हे शुद्धलेखनाच्या दहा सूचनांनी होत नाही. मग शेजारच्या पानावर तेच पुस्तकाच्या मराठीत. दोन्ही पानं राहू द्यायची, एकावर काट मारायची नाही. प्रमाण मराठी पोरांना यायलाच हवी, दहावीचा पेपर आणि तहसीलचा अर्ज त्यातच आहे. पण ती घरच्या भाषेला लाज आणून शिकवायची नसते.

मराठी टायपिंगची अडचण तुम्ही लिहिली नाही, पण ती येणार. कीबोर्डवर जोडाक्षर शोधताना पोरांचा विचार तुटतो. गुगलच्या मोबाइल कीबोर्डमध्ये बोटाने अक्षर गिरवून लिहायची सोय आहे, मराठीतही. सहावीच्या पोरांना ती पाटीसारखी वाटते, तीच सुरू करून द्या. बोलून टाइप करायची सोयही आहे, पण ती बरेचदा वऱ्हाडी ऐकून भलतंच लिहिते किंवा परस्पर पुस्तकी मराठी करून टाकते. तिचा उपयोग मी वेगळा करायचो. आठवीच्या पोरांना त्यात वऱ्हाडी बोलायला लावायचो आणि यंत्राने कुठले शब्द बदलले ते शोधायला सांगायचो. यंत्राला आपली बोली येत नाही, आपल्याला येते, हे पोरांना एका तासात कळतं.

आयता निबंध लिहून देणाऱ्या एआयबद्दलही लोक विचारतात. या वयात, या कामासाठी मी तो देणार नाही. "माझी आई" लिही म्हटलं की त्याची आई पहाटे उठून डबा करते आणि प्रेमाने हाक मारते. आमच्या पोरांच्या आया सकाळी सातला निंदणाला निघून गेलेल्या असतात आणि पोरगीच धाकट्याचा डबा भरते. गुळगुळीत मराठी वाचून पोराला वाटतं की आपलं चुकलं.

हे सगळं नवीन आहे असं समजू नका. फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्टँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ मध्ये वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. पोरांनी स्वतःच्या गोष्टी लिहायच्या, स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या, आणि मग दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवायच्या. त्या काळचं ते वर्गातलं तंत्रज्ञानच होतं. त्यातली दुसऱ्या शाळेची कल्पना मी उचलली. भंडारा जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या शिक्षकाच्या वर्गाशी आम्ही वर्षभर रेकॉर्डिंगची अदलाबदल केली, अर्थात ज्या पोरांनी "सगळे" अशी खूण केली होती त्यांचीच. आमची पोरं कपाशी, तूर, सोयाबीनवाली, तिकडची धानाची. त्यांनी रोवण्याच्या वेळची गाणी झाडीबोलीत पाठवली. आमच्या पोरांना निम्मे शब्द कळेनात. मग प्रश्न पाठवायचे, उत्तरं यायची. अनोळखी पोराला आपलं गाव समजावून सांगायचं म्हटलं की भाषा आपोआप नेमकी होते. "डवरा म्हणजे काय?" असं तिकडून आल्यावर आमच्या पोरांनी आठ दिवस या कोळपणीच्या औजाराचं चित्र, फोटो आणि वर्णन यावर घालवले. अशी एखादी शाळा शोधा. या उपक्रमाला इंटरनेट आठवड्यातून एकदाच लागतं. पोरांच्या गोष्टी पुस्तकासारख्या करायच्या असतील तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर संकेतस्थळ आहे, तिथे मराठीत गोष्ट रचता येते आणि छापूनही घेता येते. हातात धरता येणारं पुस्तक घरी गेलं की आजीही विचारते, हे तू लिहिलं?

टॅब कोणाच्या हातात राहतो, हे डोळ्यांनी मोजा. आठ टॅब आणि पाच-पाचचे गट म्हटले की पोरगे टॅब धरतात आणि पोरी "सांगतात काय लिहायचं ते". मी एक आठवडा फक्त खुणा केल्या. पोरींच्या हातात टॅब किती मिनिटं होता ते पाहून मलाच धक्का बसला. मग फक्त पोरींचे दोन गट केले आणि टॅब चार्ज करण्याची, फाइली लावण्याची, पुसण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिली. ज्याच्याकडे चार्जर, त्याच्याकडे टॅब, हे साधं गणित आहे.

लाइटबद्दल जास्त सांगत नाही, तुम्हाला माहीतच आहे. दुपारी चार्ज होईल या भरवशावर राहू नका. लाइन असेल तेव्हा लावा, आणि एक पॉवर बँक शाळेत ठेवा. उन्हाळी सकाळच्या शाळेत टॅब टिनाखालच्या कपाटात ठेवू नका, बॅटऱ्या फुगतात.

"हे सगळं अभ्यासक्रम सांभाळून कधी?" असं मुख्याध्यापक विचारतील. त्यांना सांगा की २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी काम, उपक्रम आणि दैनंदिन निरीक्षण ही साधनं आहेतच. पोराच्या जुलैच्या आणि डिसेंबरच्या रेकॉर्डिंगची तारीख आणि दोन ओळी नोंदवहीत लिहिल्या की तोंडी कामाची खरीखुरी नोंद झाली. आपण मार्चमध्ये बसून आठवून लिहितो तशी नाही. गुण मात्र आवाजाला देऊ नका, पोराने काय सांगितलं त्यालाही देऊ नका. फक्त काय बदललं ते लिहा. आणि कोणी साहेब भेटीला आले आणि टीव्ही बंद का म्हणाले, तर पोरांनाच सांगू द्या.

तुमच्यासाठी पहिल्या पंधरवड्याचं काम एवढंच. पहिले दोन दिवस पुसायला शिकवा. मग रोज परिपाठानंतर पाच पोरं, एकच प्रश्न, जास्तीत जास्त दोन मिनिटं. तुम्ही घरी जाऊन प्रत्येक रेकॉर्डिंग ऐका आणि दुसऱ्या दिवशी त्या पोराला एकट्यात एक प्रश्न विचारा, त्याने सांगितलेल्यातलाच. "मग रोही आली का काल?" एवढासुद्धा चालेल. दुरुस्ती एकही नाही. आणि एका कागदावर मोजत राहा, किती पोरांनी न सांगता "पुन्हा एकदा करू का?" म्हटलं. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात ती संख्या ४१ पैकी दोन होती. पंधरा दिवसांनी तुमची किती झाली ते मला कळवा, मग पुढचं बोलू.